मरुदेवीची ओटी

मेलेल्या माणसाची ख्यालीखुशाली विचारायला सहसा कोणी येत नाही. राजमतीला मरून दीड वर्ष होऊन गेले होते, आणि तरीही माघातल्या एका दुपारी तिचा सख्खा मामा कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एका माडीचा जिना चढून तिच्या दारात धापा टाकीत उभा राहिला.

तिच्या मृत्यूची नोंद सरकारदरबारी नव्हती. हुपरीपलीकडच्या एका गावात तिचे वडील कल्लाप्पा यांनी मळ्यातल्या विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली, एवढाच त्या मृत्यूला पुरावा. कारण असे, की राजमतीने कचेरीत सही करून श्रीपालशी लग्न केले होते. श्रीपाल जैन होता. राजमतीही जैन. दोघांचे तीर्थंकर तेच, मंत्र तोच, दिवस मावळायच्या आत जेवण्याची सवयही तीच. परंतु पोटजातीने राजमतीचे घराणे चतुर्थ आणि श्रीपालचे पंचम. पहिले, दुसरे आणि तिसरे कोठे गेले, हा प्रश्न शेकडो वर्षांत कोणाला पडला नाही. चौथ्याने पाचव्याला मुलगी देऊ नये, हे मात्र शेंबड्या पोरालाही पाठ होते. कोणतेही सत्य एका बाजूने पुरते दिसत नाही, असे ज्या धर्माने साऱ्या जगाला बजावले, त्याच्या अनुयायांना या एका सत्याची दुसरी बाजू कधी दिसली नव्हती.

श्रीपालच्या थोरल्या भावाने आंघोळ वगैरे केली नाही. त्याने फक्त दुकानातला श्रीपालचा हिस्सा धुऊन टाकला. व्यापारी घराण्यांत पाण्याचा अपव्यय कमी असतो.

श्रीपाल एका हायस्कुलात अर्धमागधी शिकवीत असे. जी भाषा कोणी बोलत नाही ती शिकवणाऱ्या माणसाचे जगाशी फारसे भांडण होत नाही, आणि त्याचेही होत नसे. ताजबी नावाच्या एका विधवेच्या घराच्या माडीवर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. आदल्या वर्षीच्या कोयनेच्या भूकंपात आतल्या खोलीच्या भिंतीला एक लांब चीर गेली होती. तिच्यावर श्रीपालने दिनदर्शिका टांगली होती. राजमतीला दिवस गेल्यापासून खालच्या नळाचे पाणी तोच वर आणी, आणि वर आणल्यावर दुहेरी कापडातून गाळी. ताजबी खाली तिच्या उंबऱ्यात बसून पाहत असे.

"मास्तर," ती विचारी, "आमच्या नळात रोज काय घावतंय रे तुला?"

"सूक्ष्म जीव असतात, मावशी."

"घावला की एक दाव मला. भाडं लावतो त्येला."

दिवस शांत जात होते. साडेपाचला श्रीपाल शाळेतून येई, सहाच्या आत दोघे जेवत, आणि मग एक लांबलचक संध्याकाळ उरे, जिचे काय करावे हे दोघांनाही ठाऊक नसे. तो वह्या तपाशी. ती खिडकीशी बसून जुन्या लुगड्यांची दुपटी शिवी. लुगडी ताजबीने दिली होती. बाळाला आधी जुनेच नेसवायचे असते, आणि राजमतीजवळ तिचे स्वतःचे जुने असे काही नव्हतेच. मेलेली माणसे कपडे बरोबर घेऊन येत नाहीत.

तिला न्याय नको होता, क्षमा नको होती, जमिनीचा तुकडा नको होता. तिला बाळंतपणात आपली आई जवळ हवी होती. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत तिने जन्मापासून पाहिलेली. गावात कोणाची पोर आली की आधी अंगणात बाजेच्या दोऱ्या आवळल्या जात, परसात चुलवाण पेटे, आणि पोरीची आई एकाएकी सगळ्या घराची मालकीण होऊन बापालाही ओसरीवर पिटाळी. दवाखान्यात नाव घातले होते, नर्स चांगली होती. पण नर्स बाळाला सोडवील. राजमतीला स्वतःला कोणी धरावे, एवढाच प्रश्न होता. ही गोष्ट तिने श्रीपालला एकदाच सांगितली. त्यानंतर तो चार दिवस इतका अपराधी चेहरा करून वावरला, की तिने पुन्हा सांगितली नाही.

आणि आता आण्णामामा दारात उभा होता.

"ये की मामा. दारात का उभा?"

मामा आत आला, घोंगड्यावर बसला. त्याने तिच्या पोटाकडे पाहिले, मग घाईने छताकडे. राजमतीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पंचमाच्या घरचे पाणी प्यावे की न प्यावे, याचा निकाल त्याने तांब्या अर्धा झाल्यावर लावला असावा.

"बरी हायस न्हवं?"

"हाय की."

"जावई?"

"शाळेत." तिने अर्धवट राहिलेली मेथी पुढे ओढली आणि निवडता निवडता आईचे विचारले. "आव्वा कशी हाय?"

"हाय. तिला काय हुतंय." मामाने टोपी काढली, आत पाहिले, पुन्हा घातली. "कितवा म्हणायचा?"

"आठवा सरत आलाय."

"म्हंजे मोकळी कधी हुणार? दवाखान्यात तारीख सांगितली असंल की."

राजमतीचा हात थांबला. "आव्वा विचारून ये म्हणालीय?"

मामाला खोटे बोलता येत नसे. तो धंद्यात बुडाला होता तोही याच कारणाने. "तुझ्या आप्पानं," तो म्हणाला.

क्षणभर तिला वाटले, की भिंतीवरची चीर आपोआप सांधली गेली. मग मामाने पुढचे सांगितले. गावात नवी मूर्ती बसत होती. फाल्गुनात पंचकल्याणक पूजा. देवाच्या आयुष्यातले पाच प्रसंग, गर्भात येण्यापासून मोक्षाला जाण्यापर्यंत, पाच दिवस मांडवात करून दाखवायचे असतात. मूर्ती आदिनाथाची, म्हणून त्याचे आईबाप, अयोध्येचा नाभिराजा आणि मरुदेवी. या दोघांच्या जागी गावातले एक जोडपे बसते. तो मान सवाल लावून, म्हणजे बोली बोलून, घ्यायचा असतो. सवाल कल्लाप्पांनी घेतला होता.

"म्हणजे आव्वा मरुदेवी," राजमती म्हणाली.

"व्हय. आता जन्मकल्याणक तोंडावर, आणि मधीच तुझं काय झालं, तर घराला सोयर. पाळणा कुणी हलवायचा मग? म्हणून म्हणाले, जाऊन ये, तारीख तेवढी विचार."

मूल जन्मले की घरच्यांना जो विटाळ येतो त्याला सोयर म्हणतात. तो नात्याने लागतो. नाते नसेल तर लागत नाही. राजमतीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. तिचा आवाज वर गेला नाही.

"मामा, मेलेल्या पोरीचं सोयर लागतंय व्हय?"

मामाने तांब्या पुन्हा जवळ ओढला.

"आंघोळ केली की त्यांनी. तू हुतास न्हवं विहिरीवर?"

"हुतो."

"मग?"

"आता तू अगदी बापासारखी बोलाय लागलीस."

"मी मेले असंन, तर माझ्या पोराचं त्यांना काय? आणि सोयर लागणार असंल, तर मी मेले न्हाय. दोन्हीतलं कुठलं, ते ठरवा म्हणावं."

हा पेच कल्लाप्पांनी आपल्या हाताने घातला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मुलीला त्यांनी सोळा आणे मृत ठरवले होते. फक्त पूजा बिघडवण्यापुरती ती जिवंत ठेवली होती. धार्मिक माणसाचा हिशेब असा कधीकधी एका रकान्यात सत्य बोलून जातो.

"तारीख पूजेच्या नंतरची हाय, पंधरा दिवस तरी," राजमती म्हणाली. "जीव टांगू नका म्हणावं. आणि आव्वा येणार का माझ्याकडं, ते सांग मला."

मामा उठला. "पूजा हू दे. मग बघू."

कल्लाप्पांच्या घरात 'बघू' या शब्दाचा अर्थ काय, हे राजमतीला पुरते ठाऊक होते. तिने मामाला जिन्यापर्यंत पोचवले.

संध्याकाळी श्रीपालने सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "पण पूजेचे कंकण बांधल्यानंतर यजमानाला सोयरसुतक लागतच नाही. प्रतिष्ठेच्या ग्रंथात स्पष्ट आधार आहे."

"मग हे मामाला कुणी सांगायचं?"

"मी शाळेत होतो."

राजमती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसतानाच तिच्या मनात काहीतरी जागच्या जागी बसले. "अहो, गर्भकल्याणकाला मरुदेवीची ओटी भरतात न्हवं?"

"भरतात. साऱ्या सुवासिनी भरतात."

"कुणीही?"

"शास्त्रात मज्जाव नाही," श्रीपाल म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याला कोठे घेऊन जाणार आहे हे उमगून त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

पुढचे काही दिवस राजमती शिवताना त्या मांडवाचाच विचार करीत होती. आव्वाला रेशमी शालू नेसवतील. दिक्कुमारी म्हणून नटलेल्या पोरी तिचे पाय चेपतील, तिला वारा घालतील, आरसा धरतील. तिला सोळा शुभ स्वप्ने पडली, असे पंडितजी कर्ण्यावरून जाहीर करतील, आणि प्रत्येक स्वप्नाला लोक माना डोलावतील. घडवलेल्या, तासलेल्या, आधीच जन्मून कापडाखाली झाकून ठेवलेल्या पाषाणाच्या गर्भवासासाठी अख्खे गाव पाच दिवस उपाशीतापाशी राबेल. त्या गर्भाला एकही उणीव पडू नये, याची काळजी शेकडो माणसे वाहतील. आणि ज्या बाईने खरोखरच एक पोर नऊ महिने वाहून आणली, वाढवली, तिला त्या पोरीच्या वेळेला एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर येण्याची परवानगी नव्हती. यात कोणाला विसंगती दिसत नसे. श्रद्धेची ही थोर सोय आहे: दगडात मूल दिसण्याची दृष्टी आली, की मुलीत दगड दिसू लागतो.

जाण्याच्या आदल्या दिवशी ताजबी माडीवर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"नववा लागलाय, आणि यष्टीत बसून निघालीस? मास्तर, तुझं डोकं ठिकानावर हाय का?"

"माझ्या डोक्याचा सल्ला घेतला गेलेला नाही, मावशी."

"वेस वलांडू नये ह्या दिसांत. आमच्यात पन न्हाय वलांडत, तुमच्यात तर किती खूळ असंल." मग ती राजमतीकडे वळली. "कशापायी जातीस? हाकललं म्हंजे?"

"आव्वाची ओटी भरून येते. हाकललं तर येते परत."

ताजबी वळली, खाली गेली आणि कापसाने गच्च भरलेली एक उशी घेऊन आली. "बुडाखाली घे. यष्टीची बाकडी म्हंजे निव्वळ दगड."

हुपरीपर्यंत एस.टी. आणि पुढे यात्रेकरूंची बैलगाडी. श्रीपाल गाडीच्या मागे चालत होता. मांडव गावाबाहेरच्या माळावर होता, उसाच्या पाल्याने शाकारलेला, आणि कर्ण्याचा आवाज त्याच्याही आधी लागला: "ज्या सुवासिनींना मातेची ओटी भरायची आहे त्यांनी उजव्या अंगाने रांगेत यावे. कोणालाही मज्जाव नाही." श्रीपालने तिच्याकडे पाहिले. मग तो मुकाट पुरुषांच्या बाजूला गेला.

रांग सांभाळायला कल्लाप्पांची बहीण चिमणाबाई उभी होती. खणानारळाचे ताट हातात धरून पुढे सरकत येणारी राजमती तिला दिसली, तेव्हा तिने आधी पोट पाहिले आणि मग चेहरा.

"तुला गं कुणी बोलावलं?"

"बोलावलं कुणालाच न्हाय आत्ती. कर्ण्यावर सगळ्यांना सांगत्यात की."

"घराची अब्रू घालवाय आलीस?"

"देवाच्या आईची ओटी भरल्यानं कुणाची अब्रू जाती, ते सांग. मी जाते परत."

मागच्या बायका ढकलू लागल्या होत्या. एकीने विचारले, "काय खोळंबलंय गं म्होरं?" दुसरी म्हणाली, "अवो, गरवार बाई हाय, जाऊ द्या की तिला आधी. उन्हाची किती उभी ऱ्हाईल?" चिमणाबाईला गर्दीसमोर नाते सांगावे लागले असते, आणि तेच तर सांगायचे नव्हते. ती बाजूला झाली.

व्यासपीठावर कल्लाप्पा बसले होते. डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट, अंगावर जरीचा शेला, गळ्यात मोत्यांच्या चार माळा. त्यांनी राजमतीला तिसऱ्या पायरीवर ओळखले. मुकुट किंचित हलला. परंतु पंडितजींचे श्लोक चालू होते, हातात दर्भ होता, आणि श्लोक संपेपर्यंत नाभिराजाला उठता येत नसते. अयोध्येच्या राजाला जेवढे स्वातंत्र्य असते त्याहून अधिक स्वातंत्र्य ओसरीवरच्या कल्लाप्पाला होते. ते त्यांनी सवाल बोलून गमावले होते.

त्यांच्या डावीकडे मरुदेवी होऊन आव्वा, रत्नाबाई, बसली होती. तिला मौन दिले होते. समोर येईल तिच्याकडून ओटी घ्यायची आणि प्रसाद म्हणून त्यातले चिमूटभर तांदूळ तिच्या पदरात परत टाकायचे, एवढेच तिचे काम. सकाळपासून ती ते करीत होती. मान खाली, हात आपोआप हलत होते. राजमती तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बसताना तिला श्रम पडले आणि तिने एक हात चौरंगावर टेकला. तो हात रत्नाबाईला दिसला. तिने मान वर केली नाही. हातच पाहत राहिली.

राजमतीने कुंकू लावले. ओंजळीने तांदूळ आईच्या पदरात घातले, वर नारळ ठेवला, खण ठेवला. ओटी आईने मुलीची भरायची असते; उलटी भरलेली कोणी पाहिली नव्हती.

"आव्वा," ती हळूच म्हणाली, "मला तू पाहिजेस."

रत्नाबाईने चिमूट उचलली आणि पुन्हा खाली टाकली. मग तिने आपल्या पदराची दोन्ही टोके धरली, पुढे झुकली, आणि नारळ, खण, हळकुंडे, सुपाऱ्या, राजमतीने घातलेले आणि तिच्या आधीच्या शंभर बायकांनी घातलेले सगळे तांदूळ मुलीच्या पदरात ओतले. तांदूळ पदरातून सांडून व्यासपीठावर पसरले. तिने ते गोळा केले नाहीत. आपल्या कपाळावरचे ओले कुंकू बोटाने घेऊन तिने राजमतीला लावले आणि तिच्या पोटावर तळहात ठेवला. तो तिने लवकर काढला नाही.

श्लोक थांबला. कल्लाप्पांचे तोंड उघडले होते, पण आवाज निघाला नाही. राजाच्या तोंडी त्या जागी काही वाक्य नव्हते. पंडितजी जुने, मुरलेले गृहस्थ होते. ही गरोदर बाई कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि कळून घेण्याची इच्छाही नव्हती. त्यांनी एकवार गर्दीकडे पाहिले, घसा साफ केला, आणि कर्ण्यातून आवाज आला: "मरुदेवी माता गर्भवतीला स्वतःच्या ओटीचा प्रसाद देत आहेत. हिच्या पुण्याला पार नाही. बोला, आदिनाथ भगवान की जय."

माळ दुमदुमला. आणि लगेच एक म्हातारी आपल्या सुनेला दंडाला धरून पुढे आली: "आमची पन सातव्यात हाय. हिला पन भरा." तिच्यामागे आणखी दोघी. बघता बघता गर्भवतींची निराळी रांग लागली आणि चिमणाबाईला तीही सांभाळावी लागली. परंपरा अनादी असतात असे सांगतात. ही त्या दिवशी, दुपारच्या उन्हात, एका बाईला स्वतःची मुलगी दिसली म्हणून जन्मली होती. आणि पुढच्या पूजेपर्यंत तिला शास्त्राधार सापडेल, याविषयी श्रीपालच्या मनात शंका नव्हती. पुरुषांच्या बाजूला तो उभा राहून डोळे पुसत होता आणि शेजारच्याला, धूळ गेली, असे सांगत होता.

पूजा संपल्यावर आठवड्याने, एका सकाळी, रत्नाबाई माडीचा जिना चढून आली. मामाने ट्रंक दारात ठेवली आणि तो वर न थांबता उतरून गेला. राजमतीने आईला घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाही.

"आप्पा काय म्हणाले?" शेवटी राजमतीने विचारले.

"काय म्हणणार? पंडितजी कर्ण्यावर तुला पुण्यवान म्हणालेत. आता पुण्यवान बाईला मेली कसं म्हणायचं? दोन दिवस गप हुते. मग म्हणाले, जायचं तर जा, मी काय बघत न्हाय. आणि गोठ्यात जाऊन बसले."

ही क्षमा नव्हती. पश्चात्तापही नव्हता. एका माणसाने स्वतःसाठी शोधून काढलेली पळवाट होती, आणि राजमतीने ती तशीच ओळखली. पण त्या वाटेने आव्वा आत आली होती, आणि वाट कशी का असेना, तिच्याशी भांडत बसायला राजमतीला सवड नव्हती.

"तू आप्पासारखी जरा नेटानं बोलली असतीस तर," ती म्हणाली, "आधीच आली असतीस."

"मला कोण बोलू देतंय? मौनात बसवल्यावर तर बोलाय आलं मला." रत्नाबाई उठली. तिने चूल पाहिली, डबे उघडून पाहिले, पाणी गाळायचे कापड हातात घेऊन उजेडात धरले आणि समाधानाने परत ठेवले. खिडकीतल्या दुपट्यांची घडी तिने मोडली आणि आपल्या पद्धतीने पुन्हा घातली.

साडेपाचला श्रीपाल शाळेतून आला. दारात परकी वहाण पाहून तो बाहेरच घुटमळला. रत्नाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. दीड वर्षात जावयाशी बोलण्याचा हा तिचा पहिलाच प्रसंग होता, आणि त्यासाठी तिने कोणतेही प्रास्ताविक तयार केले नव्हते.

"जावईबापू, घरात एक मोठं भांडं न्हाय व्हय? पाणी कशात तापवायचं आता?"

श्रीपालने पिशवी जागीच ठेवली आणि तो खाली गेला. ताजबीच्या परसात तिचा जुना तांब्याचा हंडा उपडा पडला होता. तो उचलताना त्याला ऐकू आले, की वर दोघी कशावरून तरी वाद घालीत आहेत: बाज कुठल्या भिंतीशी लावायची, यावरून. हंडा जड होता. ताजबीने एका बाजूने हात लावला, आणि दोघे एकेक पायरी करीत चढू लागले. वरून रत्नाबाई जिन्याच्या तोंडाशी आली, हंड्याकडे पाहिले, ताजबीकडे पाहिले, आणि त्या दोघांना आत येता यावे म्हणून भिंतीला चिकटून उभी राहिली.